वास सुटला की तेल गेलं

पावसाळा ओसरून दिवाळी जवळ आली की मेळघाटाच्या उतारांवरची तिखाडी तांबूस फुलोऱ्यावर येते. उंच, सडसडीत गवत. पान चुरगाळलं की गुलाबाशी नातं सांगणारा वास बोटांना लागतो आणि बराच वेळ जात नाही. कोणी याला रोशा म्हणतं, आयुर्वेदाच्या ग्रंथांत ते रोहिष म्हणून येतं, आणि सुगंधी तेलाच्या जागतिक बाजारात त्याचं तेल पामरोझा या नावानं विकलं जातं. जनावरं या गवताला सहसा तोंड लावत नाहीत. रोही आणि रानडुकरांनी पिकं उद्ध्वस्त केलेल्या अमरावती-अकोल्याच्या डोंगरपायथ्याला हा गुण मोठा आहे. म्हणून तिखाडी आणि तिची चुलत बहीण गवती चहा या दोन पिकांकडे वऱ्हाडातले शेतकरी पुन्हा पाहू लागले आहेत.

पण गवत उगवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं भट्टीवर होतं. गवतातलं तेल वाफेबरोबर बाहेर काढायचं, ती वाफ थंड करायची आणि पाण्यावर तरंगणारं तेल वेगळं करायचं. या सगळ्या प्रवासात तेलाला पळून जायला पुष्कळ वाटा असतात. झाकणाची फट, नळीचा सांधा, वेल्डिंगमधलं टाचणीएवढं भोक, थंड न झालेली वाफ. लागवडीबद्दल, वाणांबद्दल, अनुदानाबद्दल बरंच बोललं जातं. सांध्यांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. शेतकऱ्याचं तेल मात्र तिथूनच जातं.

सातपुड्यातून इस्तंबूलपर्यंत

या गवताचं शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. त्यातला ‘मार्टिन’ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला फ्रेंच अधिकारी क्लॉड मार्टिन, ज्याच्या नावाच्या ‘ला मार्टिनियर’ शाळा आजही लखनौ आणि कोलकात्यात आहेत. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत बालाघाटच्या डोंगराळ भागात त्याचं या सुगंधी गवताकडे लक्ष गेलं आणि त्यानं त्याचं बी जमवलं. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गनं त्याचं नाव या गवताला दिलं. पुढे १९०६ साली ऑटो स्टाप्फ यांनी भारत आणि श्रीलंकेतल्या तेलगवतांची नीट वर्गवारी केली.

डोंगरातल्या माणसांना वर्गवारी आधीपासून ठाऊक होती. कोरड्या, उघड्या उतारावरचं ते ‘मोतिया’ आणि दमट सावलीतलं ते ‘सोफिया’. मोतियाच्या तेलात गुलाबी वासाचं जिरॅनिऑल भरपूर, साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त. सोफियाचं तेल हलकं, बाजारात ते जिंजरग्रास म्हणून वेगळ्या भावानं जायचं. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी, त्यामुळे कापणाऱ्याची नजर चुकली की तेलाची प्रत गेली.

एकोणिसाव्या शतकात खानदेश, निमाड, बैतूल आणि मेळघाट या सातपुड्याच्या पट्ट्यात ओढ्याकाठी या तेलाच्या भट्ट्या लागत. तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे अरबस्तानात आणि तिथून इस्तंबूलला पोचायचं. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असं चुकीचं नाव पडलं होतं, कारण घेणाऱ्यांना ते तुर्कस्तानातून येताना दिसायचं. बल्गेरियातल्या महागड्या गुलाबतेलात भेसळ करायला ते वापरलं जाई. सातपुड्यातल्या गवताचा अर्क बल्गेरियाच्या गुलाबाच्या नावानं पॅरिसच्या अत्तरवाल्यांपर्यंत जात होता.

खानदेशातल्या त्या भट्ट्यांची रचना साधी होती. लोखंडी कढई, तिच्यात गवत आणि पाणी, वर लाकडी झाकण, झाकणातून निघालेली बांबूची नळी आणि नळीच्या टोकाला वाहत्या पाण्यात बुडवलेलं तांब्याचं भांडं. ओढा हाच कंडेन्सर. कढई आणि झाकण यांच्यामधली फट उडदाच्या पिठानं लिंपत. ज्या डाळीचा चिकटपणा पापडाला ताण देतो, त्याच डाळीच्या पिठानं इस्तंबूलच्या बाजारात जाणारं तेल राखलं जात होतं.

गळती कुठे आहे, यावर नुकसान ठरतं

पाण्याच्या वाफेनं तेल का निघतं, हे आधी पाहू. जिरॅनिऑल एकटं उकळायचं तर सुमारे २३० अंश तापमान लागतं, आणि तेवढ्या उष्णतेत ते जळून बिघडेल. पण एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापले की दोघांच्या वाफेचा दाब एकमेकांत मिळतो आणि मिश्रण शंभर अंशांच्या किंचित खालीच उकळतं. वाफ गवतातून वर सरकते, पानातलं तेल सोबत घेते आणि झाकणाखाली पोचते तेव्हा ती तेल आणि पाण्याची मिळून वाफ असते.

म्हणून भट्टीत दोन प्रकारच्या गळत्या असतात आणि त्यांची किंमत वेगळी असते. गवताच्या खाली, म्हणजे पाण्याच्या टाकीला किंवा बॉयलरकडून येणाऱ्या नळीला गळती असेल, तर वाया जाते ती नुसती वाफ. म्हणजे पऱ्हाटी, लाकूड आणि वेळ. गवताच्या वर, म्हणजे झाकणाला, मानेला किंवा कंडेन्सरकडे जाणाऱ्या नळीला गळती असेल, तर जातं ते तेल. दिसायला दोन्हीकडे सारखाच पांढरा धूर, पण एक सरपणाचा तोटा आणि दुसरा पिकाचा.

साधा हिशेब मांडून बघावा. एका घाण्यात ५०० किलो तिखाडी भरली आणि उतारा अर्धा टक्का धरला, तर तेल अडीच किलो. झाकणाच्या कडेनं वाफेचा दहावा हिस्सा निसटत असेल, तर प्रत्येक घाण्याला पाव किलो तेल हवेत. हंगामात असे किती घाणे होतात, ते ज्याचं त्यानं मोजावं.

त्यातही वेळेचा मुद्दा आहे. तेल सगळ्या वेळेत सारखं निघत नाही. मोठा हिस्सा सुरुवातीच्या तास-दीड तासात येतो आणि नंतर धार बारीक होत जाते. भट्टीवर मात्र नेमकं उलटं घडतं. सुरुवातीला विस्तव पेटवण्याची, पाणी सोडण्याची गडबड असते. झाकणाकडे लक्ष जातं ते सगळं स्थिरावल्यावर, आणि तोवर सगळ्यात दाट वाफ निघून गेलेली असते. घाणा चालू झाल्यावर शोधलेली गळती ही उशिराच शोधलेली असते. तपासणी गवत भरण्याआधीच व्हायला हवी.

भट्टीच्या आवारात घमघमाट सुटला की पाहुण्यांना बरं वाटतं. मालकाला वाटू नये. नाकाला येणारा वास डब्यात न पोचलेल्या तेलाचा असतो.

कणीक, कापडमाती आणि रबर

सांधे बुजवण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत डमरूयंत्र, तिर्यक्पातन यंत्र अशी ऊर्ध्वपातनाची आणि पातनाची साधनं वर्णिलेली आहेत, आणि त्यांच्या बरोबरीनं सांधा कसा लिंपायचा हेही सांगितलेलं आहे. मुलतानी माती कापडावर थापून ती पट्टी सांध्याभोवती गुंडाळायची, वाळू द्यायची, पुन्हा दुसरा थर द्यायचा. वैद्यांच्या रसशाळांत तिला आजही कापडमाती म्हणतात. कनौजच्या अत्तरवाल्यांच्या देग-भपका भट्टीलाही माती आणि कापसाचाच लेप असतो.

घरात गुलाबजल किंवा ओव्याचा अर्क काढणारी माणसं कणकेची वळी वापरतात. पातेल्याच्या काठावर ओल्या कणकेचं वेटोळं ठेवून त्यावर झाकण दाबायचं. लहान कामाला हे उत्तम आहे. कणीक खाण्याजोगी असते, तिचा वास अर्कात उतरत नाही, आणि आत दाब वाढलाच तर भांड्याआधी ती फुटते. तिचा दोष एकच. आच लागली की ती वाळते, आक्रसते आणि तडकते. धातू तापून फुगतो आणि कणीक सुकून लहान होते, त्यामुळे सुरुवातीला घट्ट असलेला सांधा अर्ध्या तासानं उघडा पडू शकतो. कणकेवर ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळली आणि ती अधूनमधून भिजवली, तर ती जास्त टिकते. उडदाचं पीठ चिवट असल्यानं अधिक तग धरतं.

खरी चूक होते ती कणकेऐवजी हाताशी असेल ते रबर लावण्यात. सायकलच्या ट्यूबची पट्टी, पाण्याच्या मोटारीचं वॉशर, बाथरूमचा पाइप. लिमोनिन, सिट्रल, जिरॅनिऑल हे तेलांतले घटक चांगले द्रावक आहेत. साधं रबर त्यांच्यात फुगतं, मऊ पडतं, आणि त्याचा वास तेलात उतरतो. काही प्लॅस्टिकं तर विरघळू लागतात. सांधा गळतोच, शिवाय डब्यातलं तेलही बिघडतं. टेफ्लॉनची पट्टी, टेफ्लॉनचं गॅस्केट किंवा उष्णता सोसणारं चांगल्या प्रतीचं सिलिकॉन यांना पैसे लागतात, पण ते एकदाच. तांब्याच्या नळ्या जोडताना शिसं असलेलं डाख कटाक्षानं टाळायला हवं. विशेषतः अर्क पोटात जाणार असेल तर शिशाचा अंशही नको.

मोठ्या भट्ट्यांवर आता झाकणासाठी पाण्याचं सील वापरतात. टाकीच्या काठाला भोवताली खोलगट पन्हळ असते, झाकणाची कड तिच्यात बुडते आणि पन्हळीत पाणी भरलेलं असतं. वाफेला पाण्याची भिंत ओलांडता येत नाही. या रचनेचा आणखी एक फायदा आहे. पन्हळीत १० सेंटिमीटर पाणी असेल, तर आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा जेमतेम एक टक्क्यानं वाढेपर्यंतच सील टिकतं. नळीत पाला अडकून वाट बंद झाली, तर पाणी उसळून बाहेर पडतं आणि वाफ मोकळी होते. म्हणजे ते सील सुरक्षा झडपेचंही काम करतं. मात्र तापलेल्या काठावर पन्हळीतलं पाणी सतत आटत असतं. त्यावर लक्ष ठेवायला माणूस नेमला नाही, तर पाण्याची भिंत तासाभरात नाहीशी होते.

तपासायचं कसं

पहिली तपासणी थंड भट्टीची. टाकी पाण्यानं काठोकाठ भरावी, बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसावी आणि सगळ्या वेल्डिंगच्या रेषांवर खडू घासावा. रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी ज्या जागी खडूची पांढरी रेघ काळपट ओली दिसेल, तिथे पाझर आहे. या तपासणीला खर्च नाही आणि तिला चुकवून जाणारं भोक विरळाच.

दुसरी साबणाच्या पाण्याची. नळ्या आणि सांधे जोडून टोक बंद करायचं, आत किंचित हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. फुगा आला तिथे फट. इथे एक सावधगिरी जिवाइतकी महत्त्वाची आहे. ही भांडी दाबासाठी बनवलेली नसतात. एक मीटर व्यासाच्या झाकणाखाली चौरस सेंटिमीटरला फक्त शंभर ग्रॅम एवढा जादा दाब जमला, तरी झाकणावरचं एकूण बळ पावणेआठशे किलो वजनाएवढं होतं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर टाकीला लावणं म्हणजे झाकण उडवण्याची तयारी. ही तपासणी सुट्या नळ्या आणि कंडेन्सर यांच्यापुरती ठेवावी, हातपंपानं आणि अगदी हलक्या दाबावर.

तिसरी तपासणी गरम भट्टीची, गवत न भरता. थंड असताना घट्ट वाटणारा सांधा तापल्यावर उघडतो, म्हणून ही टाळता येत नाही. टाकीत नुसतं पाणी घेऊन भट्टी चालवायची आणि एकेका सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरायची. धुराची सरळ रेघ जिथे वाकडी होईल तिथे वाफ निसटते आहे. थंड स्टीलची ताटली जवळ नेली तर तिच्यावर दव जमतं. हात मात्र कधीही न्यायचा नाही. सांध्यातून ताजी निघणारी वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतो तो पांढरा लोट थोडा पुढे, वाफ थंड होऊ लागल्यावर. अदृश्य भाग सगळ्यात जास्त भाजतो.

याच फेरीत पाण्याचा जमाखर्च मांडता येतो. टाकीत ४० लिटर पाणी घातलं आणि शेवटी २० उरलं, तर २० लिटर वाफ झाली. कंडेन्सरमधून १८ लिटर आलं, तर दोन लिटर कुठेतरी गेलं. डोळ्यांना काही दिसलं नसलं तरी मापानं गळती पकडली जाते. गवत भरलेलं असताना हा हिशेब चुकतो, कारण गवत पाणी धरतं आणि सोडतं. रिकाम्या भट्टीवर तो चोख येतो.

चौथी तपासणी कंडेन्सरची, आणि ती सगळ्यात जास्त विसरली जाते. विस्तव न पेटवता फक्त थंड पाणी कंडेन्सरमधून सोडायचं आणि तेलाच्या तोंडाखाली कोरडं भांडं ठेवायचं. भांड्यात थेंब पडू लागले, तर आतली नळी फुटली आहे. अशा कंडेन्सरमध्ये तेलाच्या भांड्यात नको ते पाणी शिरत राहतं, तेल-पाणी वेगळं करणारं भांडं भरून वाहतं आणि तरंगणारं तेल पाण्याबरोबर गटारात जातं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आज धार जोरात आहे.

आणि एक गळती अशी की तिला फटच लागत नाही. कंडेन्सरला पाणी कमी पडलं की वाफ पूर्ण थंड न होता सरळ तोंडातून बाहेर पडते. एक लिटर अर्क थंड करायला, येणारं पाणी २० अंशांनी तापतं असं धरलं, तर सुमारे ३० लिटर पाणी फिरवावं लागतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, टाकीतलं पाणी आधीच कोमट असतं. ते दहाच अंश तापू द्यायचं ठरवलं, तर तोच आकडा ६० लिटर होतो. तेलाच्या भांड्याला हात लावला आणि ते गरम लागलं, तर सगळे सांधे घट्ट असूनही भट्टी गळते आहे.

विस्तव विझवल्यावरची काळजीही याच यादीत येते. एक लिटर पाण्याची वाफ सोळा-सतराशे लिटर जागा व्यापते. भट्टी थंड होताना ती वाफ पुन्हा पाणी होते आणि आत पोकळी तयार होते. नळीचं टोक पाण्यात बुडलेलं असेल, तर पाणी उलटं आत ओढलं जातं, आणि सगळ्या वाटा बंद असतील तर पातळ पत्र्याची टाकी आत चेपते. म्हणून विस्तव काढला की आधी वाट मोकळी करायची.

खारपाणपट्ट्याची अडचण

हे सगळं कुठल्याही गावाला लागू आहे. वऱ्हाडाची स्वतःची एक अडचण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा. शेकडो गावांमधलं भूजल खारट, पिण्यायोग्य नाही, ओलितालाही धोक्याचं. अकोट-तेल्हाऱ्याचा, दर्यापूरचा, मूर्तिजापूरचा शेतकरी हे पाणी पिढ्यान्पिढ्या सोसतो आहे.

हे पाणी भट्टीत गेलं की दोन गोष्टी होतात. पाणी आटत जातं आणि क्षार मागे उरतात, तळाला पांढरा थर बसतो. तो उष्णता अडवतो, त्यामुळे सरपण जास्त लागतं आणि खालचा पत्रा गरजेपेक्षा जास्त तापून कमजोर होतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही. स्टीलवर जो संरक्षक थर असतो तो एखाद्या बिंदूवर फुटतो आणि तिथून सुईनं टोचल्यासारखं भोक आत आत जातं. बाकी पत्रा चकचकीत राहतो आणि एक बिंदू आरपार जातो. ज्या ३०४ प्रतीच्या स्टीलची भांडी सर्रास बनतात त्याला हा धोका जास्त, ३१६ ला कमी. वेल्डिंगच्या कडेला आणि गॅस्केटखालच्या अरुंद फटीत हे आधी होतं, म्हणजे नेमकं जिथे दिसत नाही तिथे.

त्यामुळे खारपाणपट्ट्यात भट्टी लावणाऱ्यानं टाकीसाठी साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं. कंडेन्सरचं पाणी फिरतं ठेवलं तर तेही सुरुवातीला गोडं भरता येतं. हंगाम संपला की टाकी आणि नळ्या गोड्या पाण्यानं धुऊन कोरड्या करून ठेवाव्यात. खारं पाणी आत तसंच ठेवून आठ महिने बंद केलेली भट्टी पुढच्या वर्षी उघडताना खडूची तपासणी केल्याशिवाय पेटवू नये.

मोहाचा आणि संत्र्याचा विस्तव

तिखाडीच्या तेलाची वाफ जळते, पण सहज पेट घेत नाही. संत्र्याचं तसं नाही. वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूरबाजार हा संत्र्याचा मुलूख. फेकून दिल्या जाणाऱ्या सालीतून तेल काढण्याचा विचार तिथे वेळोवेळी होतो आणि तो करण्याजोगा आहे. पण संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनिन असतं. त्याची वाफ पन्नास अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. अशा भट्टीत साल भरल्यावर उदबत्तीची तपासणी चालणार नाही. नुसत्या पाण्यावरची फेरी संपली की ठिणगी लांब ठेवायची आणि तेलाचं भांडं विस्तवापासून दूर न्यायचं.

मोहाची गोष्ट वेगळी आहे. मार्च-एप्रिलमध्ये मेळघाटात मोहाची फुलं पडतात आणि कोरकू आदिवासींच्या सणांत, लग्नांत, देवाच्या नैवेद्यात मोहाच्या दारूला जुनं स्थान आहे. मात्र १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहे, आणि त्या हेतूनं भट्टीची भांडी बाळगणंही कलम ६५ खाली येतं. शेजारच्या मध्य प्रदेशानं आदिवासी बचत गटांना मोहाची ‘हेरिटेज’ दारू बनवण्यासाठी धोरण आणलं आणि अलीराजपूर, डिंडोरी इथून सुरुवात केली. वऱ्हाडात मात्र परवान्याशिवाय घरी दारू गाळणं कायद्याबाहेरच आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी त्या भट्टीत मोठा धोका असतो आणि तो सांध्यातच असतो. दारूची वाफ हवेच्या दीडपटीहून जड असते. झाकणातून निसटली की ती वर न जाता खाली उतरते आणि चुलीकडे सरकते. हवेत तिचं प्रमाण तीन-साडेतीन टक्के झालं की ठिणगी पुरते. वर मातीचा लेप आणि खाली उघडा विस्तव ही जोडी म्हणूनच घातक आहे. तिखाडीच्या भट्टीवर गळती म्हणजे तोटा, इथे गळती म्हणजे आग.

नोंदवही

तिखाडी ही वनातली उपज आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर ग्रामसभांना हक्क दिला आहे. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं त्या हक्काचं काय करता येतं ते दाखवलं. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर गावानं उजाड जंगल राखलं, सीताफळांची थेट विक्री उभी केली आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. अशा ग्रामसभांच्या हाती तेलाची भट्टी येणं ही पुढची सरळ पायरी आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेनं पामरोझा आणि गवती चहाचे सुधारित वाण दिले आहेत, आणि २०१७ पासूनच्या अरोमा मिशनमध्ये गटांना भट्ट्याही मिळू लागल्या आहेत.

सामूहिक भट्टीचा कच्चा दुवा म्हणजे ती कोणा एकाची नसते. आज एकाचा घाणा, उद्या दुसऱ्याचा. कालच्यानं पाहिलेली वाफ आजच्याला कळत नाही. यावर उपाय स्वस्त आहे. भट्टीशेजारी एक वही टांगावी आणि प्रत्येक घाण्याला पाच गोष्टी लिहाव्यात: गवत किती किलो, पाणी किती घातलं आणि किती उरलं, धार सुरू झाली ती वेळ, तेल किती निघालं, आणि कोणता सांधा दुरुस्त केला. महिनाभरात वही स्वतः बोलू लागते. त्याच वावरातलं तेवढंच गवत आणि तेल मात्र दर घाण्याला थोडं कमी, असं दिसलं की दोष गवतात शोधण्याआधी झाकणात शोधावा. उतारा कमी आला की शेतकऱ्याच्या गवताला नावं ठेवली जातात. वही असेल तर तो अन्याय होत नाही.

जिथे वेगळ्या बॉयलरमधून दाबाखाली वाफ आणली जाते, तिथे गावठी तपासणी पुरेशी नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी आता २०२५ चा कायदा आला आहे, आणि तो लागू होणाऱ्या बॉयलरची तपासणी अधिकृत व्यक्तीकडूनच करून घ्यावी लागते. इथे पैसे वाचवू नयेत.

भट्टी पुरवणाऱ्या योजनांनी आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी एक करावं. लागवडीचं प्रात्यक्षिक जसं शेतात होतं, तसं गळती शोधण्याचं प्रात्यक्षिक भट्टीवर घ्यावं. खडू, साबण, उदबत्ती, मोजमापाची बादली आणि टेफ्लॉनची पट्टी एवढं सामान प्रत्येक भट्टीबरोबर द्यावं. आणि ज्या शेतकऱ्यांची, ज्या बचत गटांची भट्टी आधीच उभी आहे, त्यांनी या दिवाळीत पहिला घाणा भरण्यापूर्वी एक दिवस राखून ठेवावा, टाकीत नुसतं पाणी घ्यावं आणि प्रत्येक सांधा स्वतःच्या डोळ्यांनी तपासावा.